आमच्याकडे सोमवारी खात नाहीत

आमच्या ऑफिसात कोलकात्याहून आलेला एक सहकारी होता. पुण्यात राहायचं तर मराठी आलंच पाहिजे, असं त्याने स्वतःच ठरवलं होतं. कानावर पडलेली वाक्यं तो एका छोट्या वहीत उतरवून घ्यायचा. एका सोमवारी त्याने डब्यात कोळंबी आणली आणि मोठ्या प्रेमाने डबा माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, "आज नको रे, आमच्याकडे सोमवारी खात नाहीत." तो थबकला. माझ्या पुढ्यात पोळी होती, मटकीची उसळ होती, दहीभात होता आणि बोलताना पोळीचा तुकडा माझ्या हातातच होता. त्याने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, "मग हे आत्ता काय चाललंय?"

त्याला समजावताना माझीच पंचाईत झाली. मराठीत नुसतं 'खाणे' म्हणजे मासे-मटण खाणे, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. लग्नाच्या बैठकीत "तुम्ही खाता का?" असं विचारलं तर "हो, दोन वेळा" असं उत्तर कुणी देत नाही. तसंच 'घेणे'. "तो घेतो" म्हटलं की काय घेतो ते सांगावं लागत नाही, आणि "हल्ली घेत नाही" म्हटलं की त्याची बायको सुखी आहे एवढं कळतं. 'बसणे'ही त्यातलंच. "शनिवारी बसू या" म्हणजे खुर्चीवर नव्हे. सहकाऱ्याने तिन्ही क्रियापदं वहीत लिहिली आणि पुढे कंसात मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

ते प्रश्नचिन्ह माझ्या डोक्यात राहिलं. मी पोटासाठी भाषांतरं करते. माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, क्वचित शाळेसाठी काही. तेव्हा अशी वाक्यं रोज हाताखालून जातात. पण "आमच्याकडे सोमवारी खात नाहीत" या चार शब्दांकडे मी त्याआधी नीट पाहिलंच नव्हतं. काय खात नाहीत हे त्यात नाही. कोण खात नाही तेही नाही. माझा भाऊ सोमवारी ऑफिसातून येताना अंडाभुर्जी खाऊनच घरी येतो, हे आईसकट सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ते वाक्य खोटं ठरत नाही. "आमच्याकडे सगळे सोमवारी खात नाहीत" म्हटलं तर खोटं, "बहुतेक जण खात नाहीत" म्हटलं तर खरं, पण ते मग वेगळंच काहीतरी होतं. शिरगणती होते. मला शिरगणती करायचीच नव्हती. मला कोळंबी नाकारायची होती, त्याला न दुखावता.

भाषाशास्त्रात अशा वाक्यांना जेनेरिक म्हणतात. आपण सामान्यविधानं म्हणू. 'वाघ मांसाहारी असतो', 'डासांमुळे मलेरिया होतो', 'पुणेकर दुपारी झोपतात'. यांत सगळे, काही, बहुतेक यांपैकी कुठलाच शब्द नसतो, आणि घालायला गेलं तर वाक्य मोडतं. १९७७ साली ग्रेग कार्लसन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने आपल्या प्रबंधात असं मांडलं की इंग्रजीत नुसतं अनेकवचन वापरून केलेली अशी विधानं सुट्या सुट्या प्राण्यांबद्दल नसतातच, ती थेट जातीबद्दल असतात. तिथून पुढे तर्कशास्त्री, भाषाशास्त्री आणि मानसशास्त्री या तिघांनी मिळून या साध्या वाक्यांचा जो कीस काढला आहे तो अजून संपलेला नाही.

इंग्रजीला हा कीस काढावा लागतो याचं एक कारण मला वाटतं ते असं, की त्यांच्याकडे 'आहे' आणि 'असतो' वेगळे नाहीत. आपल्याकडे आहेत. "आंबा गोड आहे" म्हणजे हा, समोरचा, आत्ता कापलेला. "आंबा गोड असतो" म्हणजे आंबा ही जातच तशी. हा फरक कुठलंही मराठी पोर शाळेत जायच्या आधी बिनचूक करतं. आणि आंबेवाले त्यावर धंदा करतात. फोड हातावर ठेवताना "गोड आहे, ताई". दुसऱ्या दिवशी आपण आंबट पेटी घेऊन गेलो की "हापूस गोडच असतो हो, एखादा निघतो असा". 'आहे'वरून 'असतो'वर एका पावलात गेला की माणूस सुरक्षित. एका आंब्याने 'असतो' खोटं पडत नाही, अख्ख्या पेटीनेही पडत नाही.

(शाळेच्या निबंधात तिसराच प्रकार असायचा. "गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे." गाय ती, पण प्राणी तो, म्हणून 'हा'. हा 'हा' लागला की वाक्य व्याख्येच्या चौरंगावर जाऊन बसतं. घरात कुणी असं बोलत नाही. "मावशी ही एक उपयुक्त नातेवाईक आहे" असं भाचीने एकदा लिहून आणलं होतं, ते मी जपून ठेवलंय.)

पण 'असतो' हाती आहे म्हणून आपण सुटलो असं नाही. तो सापाने शिकवलेला धडा.

माझं आजोळ सिंधुदुर्गात. जांभ्या दगडाचा मुलूख, गडग्यांच्या भेगा, पावसात वाढलेलं गवत. फुरशांना याहून सोयीची जागा नाही. तिन्हीसांजेनंतर आजी 'साप' हा शब्द उच्चारायची नाही. 'जनावर' म्हणायची. तिच्या गोठ्यात गाय होती, अंगणात कुत्रा, पण "जनावर निघाला" असं ती ओरडली की गाईकडे कुणी बघायचं नाही. सगळ्यात मोठा व्यापक शब्द घेऊन तो एकाच प्राण्यापुरता आवळायचा, आणि तेही संध्याकाळपुरता. परसात चुलीच्या लाकडांची रास होती. तिथून लाकूड आणायला सांगितलं की मागून ठरलेलं वाक्य यायचं, "आदी काठी आपट, मगे हात घाल."

बऱ्याच वर्षांनी सर्पदंशाविषयीच्या एका इंग्रजी पत्रकाचं भाषांतर माझ्याकडे आलं. त्यात सगळं शास्त्रशुद्ध होतं. भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती. त्यांतल्या बहुसंख्य बिनविषारी. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्या चारांच्या विषावरचं एकत्रित प्रतिविष मुंबईच्या हाफकिन संस्थेने कित्येक वर्षं बनवलं आहे. पत्रकाचं पहिलंच ठळक वाक्य मी असं केलं होतं, "बहुतेक साप निरुपद्रवी असतात." खरं वाक्य. मला ते आवडलंही होतं. धामणीसारखा उंदीर खाणारा, शेतकऱ्याच्या उपयोगाचा साप नुसत्या 'साप विषारी असतो' या तीन शब्दी समजुतीपायी ठेचला जातो याची चीड मलाही होती. त्यात धामणीवर आणखी आळ, की ती म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते. तेही सामान्यविधानच.

छापण्याआधी पत्रक भोरजवळच्या एका गावात वाचून दाखवायचं ठरलं, म्हणून मीही गेले. पहिलं वाक्य वाचलं आणि पारावरचे एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "बहुतेक म्हंजी किती?" सोबतच्या सर्पमित्राने जातींचा हिशोब सांगितला. म्हातारबुवांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "आन् राती दारं धराया गेल्यावर माझ्या पायाखाली आलेला त्या बहुतेकातला का उरलेल्यातला, ते कुनी सांगायचं?"

सर्पमित्र हसला. मला हसू आलं नाही. मी ज्याला अज्ञान समजत होते ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर होतं. "सापांच्या किती जाती विषारी आहेत?" हा माझा प्रश्न. "अंधारात पायाला गार काही लागलं तर काय धरून चालायचं?" हा त्यांचा. 'साप विषारी असतो' हे माझ्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर आहे आणि त्यांच्या प्रश्नाचं बरोबर. शब्द तेच, 'असतो' तोच. वाक्य कुठे उभं राहून बोललं जातंय, तेवढंच बदललं.

त्या वाक्याला तिसरं एक ठिकाण आहे, ते आणखी बेरकी. मांत्रिकाचं अंगण. साप विषारी असतो असं सगळा गाव धरून चालतो, म्हणून चावलेल्याला तिथे नेतात. प्रत्यक्षात चावणारे पुष्कळसे बिनविषारी निघतात, म्हणून माणूस उठून बसतो. श्रेय मंत्राला. म्हणजे विधान अंगणात खरं मानलं जातं आणि शिवारात बरेचदा खोटं निघतं, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत त्या बुवाचं घर चालतं. ज्या दिवशी नाग किंवा मण्यार असते त्या दिवशी, "आयुष्य तेवढंच होतं."

पत्रकातलं पहिलं वाक्य शेवटी मी काढलं. "साप दिसला तर मारू नका, लांब उभे राहा. रात्री पायात बूट, हातात काठी आणि बॅटरी. चावलाच तर थेट दवाखाना." कुठल्या सापाची जात काय, हे चौथ्या पानावर गेलं. ज्या संस्थेने काम दिलं होतं त्यांना ते फारसं रुचलं नाही. मूळ मजकुराशी इमान राखलं नाही, असा शेरा आला आणि पैसे थोडे कापले. असो.

नंतर वाचताना कळलं की तत्त्वज्ञांचंही नेमकं इथेच घोडं अडलंय. सारा-जेन लेस्ली यांचं लाडकं उदाहरण डासांचं आहे. डास वेस्ट नाइल विषाणू पसरवतात, हे सगळे मान्य करतात, पण तो विषाणू अंगात असलेला डास शंभरात एकही सापडायचा नाही. उलट पुस्तकांचं. छापली जाणारी बहुतेक पुस्तकं कागदी बांधणीची, म्हणजे पेपरबॅक असतात, तरी 'पुस्तकं कागदी बांधणीची असतात' हे वाक्य कुणाला पटत नाही. लेस्लींचं म्हणणं थोडक्यात असं की घातक, धडकी भरवणारा गुण असेल तर एक-दोन दाखल्यांवरही आपलं मन जातीवर शिक्का मारतं. मला हे पटतं, पण अर्धंच. शिक्का मन मारतं खरं, तो कुठे बसून मारला हे त्यात येत नाही. रेचल स्टर्केन यांनी २०१५च्या सुमारास मांडलेलं मत मला पारावरच्या बुवांच्या जास्त जवळचं वाटतं. अशा वाक्यांत न दिसणारं जे सामान्यत्व असतं, त्याचा अर्थच मुळी 'मी', 'इथे', 'आत्ता' या शब्दांसारखा बोलण्याच्या प्रसंगातून भरला जातो, असं त्या म्हणतात.

आपल्याकडे हा वाद काही नवा नाही. पाणिनीचं सूत्रच आहे, 'जात्याख्यायामेकस्मिन् बहुवचनमन्यतरस्याम्'. जात सांगायची असेल तर एकवचनाच्या जागी अनेकवचनही चालेल. उदाहरण परंपरेने दिलं जातं ते जवाचं. जव चांगला पिकला म्हणा, जव चांगले पिकले म्हणा. शब्द जातीचं नाव की वस्तूचं, यावर वाजप्यायन आणि व्याडी या दोन जुन्या आचार्यांची तोंडं दोन दिशांना होती. वाजप्यायन म्हणे आकृती, म्हणजे जात; व्याडी म्हणे द्रव्य, म्हणजे वस्तू. आपण रोज दोघांनाही खूश ठेवतो. लासलगावच्या बातमीत "कांदा गडगडला" असतं, तिथे वाजप्यायन जिंकतो. स्वयंपाकघरात टोपली उलटी झाली आणि "कांदे गडगडले" की व्याडी. भाववाढीत 'कांदे महागले' म्हणणारा माणूस बाजारात नवखा वाटतो. तिथे कांदा एकच असतो, लाखो क्विंटलांचा.

चित्त्याचंही तेच. १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. एखादा चित्ता नामशेष होत नसतो, मरतो. नामशेष जातच होते. मग सप्टेंबर २०२२मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोला आले आणि सगळीकडे मथळा झळकला, चित्ता परतला. जो गेला तो आशियाई, जे आले ते आफ्रिकी. परतला कोण? 'चित्ता' शब्द जरा वरच्या फांदीवर धरला तर बातमी खरी, खालच्या फांदीवर धरला तर आलेला पाहुणा आहे. दोन्ही बाजूंचे लोक तेव्हा तावातावाने भांडत होते आणि बरेचसे कुठल्या फांदीवर बसलोय हे न बघता.

इथवर सगळं गमतीचं. गंमत कमी होते ती घरात.

गेल्या मे महिन्यात भाची आली होती, सहा वर्षांची. सोफ्याच्या हातावर पाय टाकून, डोकं खाली लोंबकळत, चित्रांचं पुस्तक बघत होती. आई म्हणाली, "मुली अशा बसत नाहीत."

भाची उलटीच म्हणाली, "पण मी बसलेय ना."

तर्कशास्त्राच्या पेपरात तिला पैकीच्या पैकी मिळाले असते. पण आईने विधान मागे घेतलं नाही, नुसतं थोडं सरकवलं. "चांगल्या मुली बसत नाहीत." भाचीने दादाकडे बोट दाखवलं, तोही तसाच पसरला होता. "मुलगे बसतात," आई म्हणाली, आणि मग तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं, कारण लगेच म्हणाली, "आपल्यात नाही बसत. दोघंही उठा."

तीन वाक्यांत तीन जाती बदलल्या. सगळ्या मुली, मग चांगल्या मुली, मग आपण. व्याकरणाने मात्र शेवटपर्यंत एकच सोंग घेतलं होतं, वर्णन करत असल्याचं. बसत नाहीत. 'बसू नये' हे शब्द कुठेच नाहीत. मराठीत हुकूम असा वर्तमानकाळात लपवून देता येतो. "मोठ्यांच्या मधे बोलत नाहीत." "जेवताना हसत नाहीत." "केस मोकळे सोडून दिवेलागणीला फिरत नाहीत." शाळेत याच्या शेजारच्या काळाला आम्ही रीती वर्तमानकाळ म्हणून घोकलं, 'मी बसत असतो', 'ती बसत असते' वगैरे. तेव्हा 'रीती' हा शब्द नुसता पाठ केला. रीत म्हणजे जे घडत असतं ते, आणि रीत म्हणजे जे घडायलाच हवं तेही. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याच्या घरातही बहुधा एखादी मुलगी सोफ्यावर, किंवा तेव्हाच्या झोपाळ्यावर, उलटी लोंबकळत असणार.

मी आईवर चिडणार होते. चिडले नाही, कारण एक प्रयोग आठवला आणि त्यात मीही सापडत होते. मार्जरी ऱ्होड्स, लेस्ली आणि क्रिस्टिना ट्वोरेक यांनी २०१२ साली चार वर्षांच्या आसपासच्या मुलांना आणि काही मोठ्यांना एक चित्रपुस्तक दाखवलं. त्यात 'झार्पी' नावाचे लोक होते, कल्पनेने रचलेले, खरे नव्हेत. चित्रात बायका, पुरुष, पोरं, म्हातारे, सगळ्या रंगांचे. काहींना ऐकवलं, "हा झार्पी अमुक किड्याला घाबरतो." काहींना ऐकवलं, "झार्पी अमुक किड्याला घाबरतात." फरक एवढाच. ज्यांनी दुसरं ऐकलं त्यांना काही दिवसांनीही वाटत राहिलं की झार्पी असणं हे रक्तातच असतं, झार्पीचं बाळ दुसऱ्या घरी वाढलं तरी ते तसंच निघणार. आणि उलटा प्रवासही दिसला. ज्या आईबापांच्या मनात झार्पींबद्दल असं 'रक्तातलं' काही भरवून दिलं, ते मुलांशी बोलताना आपोआप अशी विधानं जास्त करू लागले.

हे वाचल्याच्याच आठवड्यात मी भाचीला काय काय सांगितलं ते आठवून पाहिलं. "कोकणातली माणसं काटकसरी असतात." "मुंबईचे लोक मदतीला धावतात." "गणितात आपण सगळे ढ." शेवटचं सगळ्यात वाईट, आणि तेच मी सगळ्यात प्रेमाने बोलले होते, तिचा पेपर चुकला म्हणून धीर द्यायला. माझ्या बाजूने तो धीर होता. तिच्या बाजूने काय झालं ते तिने आईला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "मला नाही येणार, आपल्याला गणित येत नाही."

मोठ्यांचंही काही वेगळं नाही म्हणा. 'मराठी माणूस धंदा करत नाही' हे वाक्य मी लहानपणापासून लग्नसमारंभात, गणपतीच्या मांडवात, रेल्वेच्या डब्यात ऐकत आलेय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली, हे सांगितलं की उत्तर तयार असतं, "ते अपवाद." गरवारे? "तेही अपवाद." अपवादांची यादी जितकी लांबते तितकं वाक्य गुटगुटीत होतं. खेकड्यांची गोष्ट मग पाठोपाठ येतेच. पण गंमत अशी की हे वाक्य एखादा मराठी माणूस मराठी माणसांत बोलतो तेव्हा ती कळकळ असते, स्वतःला मारलेला चिमटा असतो. तेच परप्रांतीय शेजाऱ्याने म्हटलं की त्याच कोंडाळ्यातले लोक बाह्या सरसावतात. तेव्हा त्यांना अचानक किर्लोस्कर आठवतात, गरवारे आठवतात, कोपऱ्यावरचा वडापाववालासुद्धा उद्योजक होतो.

कोलकात्याचा तो सहकारी परत गेला. जाताना त्याने मला वहीतलं एक पान फाडून दिलं, आठवण म्हणून. पहिल्याच ओळीत होतं, "आमच्याकडे सोमवारी खात नाहीत", आणि पुढच्या कंसातलं प्रश्नचिन्ह खोडून त्याने तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हे जेवताना म्हणतात."

यंदा गणपतीला आजोळी गेले होते. आजी आता नाही. घराला गॅस आहे, पण पाणी तापवायला परसात अजून बंब पेटतो. सकाळी लाकडं आणायला मी मागे गेले. दिवस लख्ख उजाडलेला. तीनशे जाती, त्यांतल्या बहुसंख्य बिनविषारी, हे माझ्याच हाताने लिहिलेलं मला तोंडपाठ होतं. राशीपाशी वाकले आणि हात मधेच थांबला. गडग्याला टेकवलेली काठी होती, बहुधा तीच जुनी. ती घेऊन लाकडांवर दोनदा आपटली, जरा वेळ कान देऊन उभी राहिले, मग हात घातला.